हाय, हुर्रा आणि नाद खुळा

खासबागेत कुस्ती रंगली की काठावरून एकजण 'हाण, हाण' ओरडत असतो. त्याला उचलून बाहेर ठेवला तरी कुस्ती थांबत नाही. इंग्रजीतलं इंटरजेक्शन, म्हणजे आपलं केवलप्रयोगी अव्यय, हे असंच. कर्त्याशी नातं नाही, क्रियापदाशी नाही. काढलं तरी वाक्य उभं. ग्रीकांच्या आठ शब्दजातींत ते नव्हतंच. लॅटिनला आर्टिकल (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द) नव्हतं, म्हणून रोमन वैयाकरणांनी आठाचा आकडा याच्यावर भरून काढला. भरतीचा गडीच म्हणा की!

पण छळतो मात्र हाच. साधं 'हाय' घ्या. मराठी व्याकरणात ते शोकदर्शक, इंग्रजीत रामराम, आणि आमच्या कोल्हापुरात चक्क क्रियापद: "मिसळ हाय का?" नवीन पायताण चावलं तर 'आऊच'. 'अलास' नव्हे, ते दुःखाचं, आणि हल्ली परीक्षेबाहेर ते कुणाच्या तोंडी फारसं येतही नाही. तर्रीचा ठसका ओसरला की 'फ्यू'.

मग चिन्हं. भावना जोरात असेल तर उद्गारचिन्ह आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर सहसा मोठ्या लिपीत; 'वेल', 'ओह' असं हळू आवाजातलं असेल तर स्वल्पविराम आणि पुढचं अक्षर लहान. आम्हाला हळू आवाजच ठाऊक नाही, त्यामुळं वहीभर उद्गारचिन्हांचे खांब.

खरी चितपट इनडायरेक्ट स्पीचमध्ये. "हुर्रा! वुई हॅव वन द मॅच," असं पोरं म्हणाली. आता हुर्रा काढा, अवतरणं काढा, उद्गारचिन्ह काढा, सेडचं 'एक्स्क्लेम्ड विथ जॉय' करा, 'दॅट' जोडा, वुईचं दे, हॅवचं हॅड. शेवटी पूर्णविराम. पोरं सहसा एवढं सगळं करतात आणि सवयीनं हुर्रा तसाच ठेवतात. गेले मार्क! शाहू स्टेडियमवरच्या गोलाचं असं पंचनाम्यात रूपांतर मला तरी बघवत नाही. 'अलास'ला विथ सॉरो, 'ब्रावो'ला अप्लॉडेड. ही यादी पाठच करावी.

'नाद खुळा'ला मात्र यादीत जागा नाही. पोरगं पहिलं आलं, नाद खुळा. पांढरा रस्सा जमला, नाद खुळा. हॉटेलचं बिल बघितलं, तरी नाद खुळा. विथ जॉय, विथ ॲडमिरेशन की विथ सरप्राइज, हे ठरवायला बोलणाऱ्याचं तोंड बघावं लागतं; आणि पेपरात तोंड छापत नाहीत.