तेल चढलं की शेअर विका? जरा थांबा

‘तेल चढलं की शेअर बाजार पडतो, तेल उतरलं की बाजार चढतो. एवढं कळलं की झालं.’ कच्च्या तेलाचा भाव हलला की हा मेसेज हमखास फिरतो. खाली मुद्देही असतात.

‘दोघांचं नातं कायम उलटं.’ कायम? २००३ ते २००७ या काळात तेल पिंपामागे सुमारे ३० डॉलरवरून ९० च्या पुढे गेलं आणि बाजारही जोरात होते, कारण जगभर मागणी वाढत होती. जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरला टेकलेलं तेल डिसेंबरात चाळिशीखाली आलं, तेव्हा बाजारही कोसळलेलेच होते. १९७३ च्या अरब तेलबंदीसारखा पुरवठाच आवळला गेला तर मेसेज खरा ठरतो, हे मान्य. भाव का हलला हे आधी विचारायचं. अर्थतज्ज्ञ लुट्झ किलियन २००९ पासून हेच सांगताहेत.

‘भाव किती, एवढंच बघायचं.’ माझा खरा आक्षेप इथे आहे. एखादी विमान कंपनी घ्या. तेल वर्षभर शंभर डॉलरलाच राहणार असेल, तर ती कुरकुरत का होईना तिकीट वाढवते आणि नव्या विमानांची ऑर्डर देते. तेच तेल ७० होईल की १३० याचा पत्ता नसेल, तर सरासरी तीच असूनही ऑर्डर लांबते, भरती थांबते. घेतलेलं विमान सहज परत करता येत नाही ना! ही धाकधूक मोजायला ओव्हीएक्स निर्देशांक आहे. तो तेलाच्या ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे घेण्या-विकण्याच्या हक्काच्या, भावांवरून काढतात. दिशा सांगत नाही, फक्त हेलकावे किती मोठे अपेक्षित आहेत ते सांगतो. धास्ती वाढली की जोखीम नको म्हणून तेल आणि शेअर दोन्ही विकले जातात. २०१६ च्या सुरुवातीला दोन्ही एकत्र घसरले, तेव्हा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख बेन बर्नान्के यांनी घटत्या मागणीबरोबर हेही कारण तपासलं होतं.

‘तेल कंपन्यांना तरी फायदाच.’ तेल उपसणाऱ्यांना, हो. रिफायनरीसाठी कच्चं तेल म्हणजे खर्च.

‘भावात सगळं दिसतं.’ २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा मे वायदा, म्हणजे मे महिन्यात तेल घ्यायचा सौदा, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तो दुसऱ्याच दिवशी संपणार होता, आणि हे तेल जिथे ताब्यात घ्यायचं असतं त्या अमेरिकेतल्या कुशिंगच्या टाक्यांत मोकळी जागा मिळेना. तेल घ्यायला लागू नये म्हणून लोक वर पैसे देत होते. त्याच दिवशी जूनचा वायदा २० डॉलरच्या वर होता. आणि अमेरिकी शेअर बाजार? २३ मार्चच्या तळापासून २० टक्क्यांहून जास्त वर.