जेरी राईस हळू धावायचा म्हणे!

आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो मेसेज यंदाही आला. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जवळ आला की येतोच. मजकूर थोडक्यात असा: जेरी राईस हा गवंड्याचा पोरगा. विटा झेलून झेलून हात तयार झाले. धावायला इतका हळू की कोणताच संघ घेईना, शेवटी सॅन फ्रान्सिस्कोने दया केली. जो मॉन्टानासारखा क्वार्टरबॅक मिळाला, वीस वर्षं चिकटून राहिला, म्हणून सगळे विक्रम त्याच्या नावावर. टॅलेंट नाही, मेहनत लागते! खाली जोडलेले हात आणि उगवता सूर्य.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियात राहतो. इथे फॉर्टीनायनर्सबद्दल, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाबद्दल, काहीही बोललं तरी खपत नाही, आणि हे तर अर्धवट आहे. शिवाय कौतुकाच्या नावाखाली माणसाचं कसब काढून घेणारं आहे, म्हणून जास्त टोचतं.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा आणि तो घेऊन पळायचं, हे वाइड रिसीव्हरचं काम. चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचवला की टचडाउन. राईसच्या नावावर 1,549 झेल, 22,895 यार्ड आणि सगळे मिळून 208 टचडाउन आहेत. यार्डांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड त्याच्या 5,400 यार्ड मागे थांबला.

आधी ती 'दया' बघू. 1985च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, राईस पहिल्याच फेरीत, सोळाव्या क्रमांकावर गेला. फॉर्टीनायनर्स नुकत्याच संपलेल्या हंगामात सुपर बोल जिंकलेले, त्यामुळे त्यांची पाळी शेवटी, अठ्ठाविसावी. प्रशिक्षक बिल वॉल्शने आपली पहिल्या फेरीतली आणि पुढच्या फेऱ्यांमधल्या निवडी न्यू इंग्लंडच्या संघाला देऊन सोळावा क्रमांक मिळवला, तो याच पोरासाठी. खिशातून पैसे मोजून, रांग मोडून पुढे घुसण्याला दया म्हणत नाहीत. त्याच्या आधी दोनच रिसीव्हर गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन.

मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारलं नाही, एवढं मात्र खरं. तो शिकला मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये, इट्टा बेना नावाच्या छोट्या गावातल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात. पण तिथे तो अडगळीत पडला नव्हता. 1984च्या हंगामात क्वार्टरबॅक विली टॉटन आणि तो मिळून असे सुटले की संघ सामन्याला सरासरी साठच्या वर गुण करत होता. राईसचे त्या एका हंगामातले टचडाउन 27. वॉल्शला तो दिसला तो ह्यूस्टनच्या हॉटेलात, सामन्याच्या आदल्या रात्री टीव्हीवर.

विटांची गोष्ट खोटी नाही. वडील खरंच गवंडी होते, भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर परांचीवर उभा राहून झेलायचा, हे त्याने स्वतःच सांगितलंय. पण विटांनी हात तयार झाले असते, तर पहिल्या वर्षी चेंडू सुटले नसते. 1985मध्ये ते धडाधड सुटत होते आणि घरच्या मैदानावर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. ते थांबलं ते संघाचा प्रत्येक डाव डोक्यात पक्का बसल्यावर. कुठे वळायचं याचा विचार करत धावणाऱ्याचं चेंडूकडे लक्ष राहत नाही. त्याच डिसेंबरात रॅम्स संघाविरुद्ध सोमवारच्या रात्री त्याने 241 यार्ड काढले. सामना हरले, पण हुर्यो बंद झाली.

आता मुख्य आरोप, वेगाचा. चाळीस यार्डांच्या चाचणीत त्याला 4.71 सेकंद लागले, असा आकडा फिरतो. धरू खरा. पण ही चाचणी मोजते काय? हाफ पँट घालून, समोर कोणी नसताना, हातात चेंडू नसताना, सरळ रेषेत साडेछत्तीस मीटर. शंभर मीटरची शर्यत जिंकणाऱ्याला विकेटांमध्ये चोरटी धाव काढता येतेच असं नाही. तिथे बॅट टेकवून वळणं असतं, समोरच्याची हाक ओळखणं असतं. रिसीव्हरचंही तसंच. ठरलेल्या पावलांवर पाय रोवून वळायचं, आणि वळणार आहोत हे अंगावरच्या बचावपटूला आधी कळू द्यायचं नाही. बहुतेक जण वळण्याआधी किंचित हळू होतात, कंबर खाली जाते, आणि बचावपटू नेमका त्या कंबरेकडेच बघत असतो. राईस पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत एकाच गतीने यायचा. वाचायला काही ठेवायचाच नाही.

आणि चेंडू हातात आल्यावर? 12 नोव्हेंबर 1995, डॅलस. काऊबॉईज त्या हंगामात पुढे विजेते झाले, एवढा तगडा संघ. मॉन्टानाच्या जागी आलेला स्टीव्ह यंगही जखमी, म्हणून क्वार्टरबॅक एल्व्हिस ग्रबॅक. सामना सुरू होऊन लोक अजून खुर्च्यांवर टेकताहेत, तोवर राईस दोन-तीन पावलं सरळ जाऊन तिरका आत कापतो, पाऊल न अडखळता पळतापळता चेंडू घेतो, आणि मग त्याची पाठच दिसत राहते. एक्क्याऐंशी यार्ड. मागून कोणीही पोचलं नाही. त्या संघात चाळीस यार्ड त्याच्यापेक्षा कमी वेळात पळणारे होतेच की! सामना 38-20 असा खिशात.

या एका खेळीतच 'मॉन्टानामुळे' या मुद्द्याचंही निम्मं उत्तर आहे. उरलेलं 1986मध्ये. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे मॉन्टाना तेव्हा अर्धा हंगाम बाहेर होता आणि चेंडू फेकत होते जेफ केम्प आणि माइक मोरॉस्की. ही नावं ऐकली आहेत? नसतीलच. त्या वर्षी राईसचे 1,570 यार्ड, लीगमध्ये सर्वाधिक. उलट बाजूही सांगतो, नाहीतर मीही त्या मेसेजसारखाच एकतर्फी व्हायचो. मॉन्टाना राईस येण्याआधीच दोन सुपर बोल जिंकलेला होता. दोघांनी एकमेकांना मोठं केलं म्हणा, हरकत नाही. पण जानेवारी 1989च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या दोनेक मिनिटांत, वीस यार्ड हवे असताना, तीन बचावपटूंमधून वाट काढत 27 यार्ड मिळवले ते ज्याच्या हातात चेंडू होता त्याने. त्या दिवशी 11 झेल, 215 यार्ड, आणि सामनावीराचा मानही त्याचाच.

राहिलं 'वीस वर्षं टिकला म्हणून'. इथे साधी वजाबाकी करा. पुढची दहा वर्षं पुसून टाका. पहिल्या दहा हंगामांत त्याचे झेलून केलेले टचडाउन 131 होतात. एवढ्यावर तो निवृत्त झाला असता, तरी आजच्या यादीत त्याच्या पुढे फक्त रँडी मॉस आणि टेरेल ओवेन्स असते. जिम ब्राउनचा एकूण 126 टचडाउनचा विक्रम त्याने दहाव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात मोडला. म्हणजे म्हातारपणी हळूहळू आकडे गोळा केले, असं चित्रच उभं राहत नाही.

आणि टिकणं तरी काय फुकटात मिळतं? 1997च्या पहिल्याच सामन्यात डाव्या गुडघ्याचे दोन लिगामेंट फाटले. डिसेंबरात परतला, टचडाउन केला, आणि त्याच झेलात त्याच गुडघ्याची वाटी तडकली. त्यानंतर आणखी सात हंगाम. 2002मध्ये, चाळिशी गाठली त्या हंगामात, ओकलंडच्या संघाकडून 92 झेल आणि 1,211 यार्ड. क्वार्टरबॅक कोण? रिच गॅनन.

मेहनतीबद्दल माझा वाद नाही. सॅन कार्लोसजवळच्या एजवूड पार्कच्या चढावर तो उन्हाळ्यात धावायचा. ती वाट मी एकदा चालून पाहिली. धावून नाही, चालून. अर्ध्यात बाकडं शोधत होतो.

गंमत म्हणजे राईसविरुद्ध जो एक मुद्दा खरंच उभा राहतो, तो या मेसेजमध्ये नाहीच. हातमोज्यांवर आपण चिकट फवारा मारायचो, असं त्याने 2015मध्ये स्वतःच कबूल केलं. लीगने त्यावर 1981मध्येच बंदी घातली होती, म्हणजे तो येण्याच्या चार वर्षं आधी. सगळेच मारायचे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या काळातल्या काहींनी ते साफ नाकारलं. आजचे हातमोजे कारखान्यातूनच चिकट येतात, ही पळवाट मलाही सुचली होती, पण नियम तेव्हाचा होता आणि तो त्याने मोडला. गटावर कोणी हे काढलं, तर माझ्याकडे उत्तर नाही.