शाहू स्टेडियम बंद करायचं तर करा, मध्ये अमेरिका आणू नका

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठा-तालमींच्या फुटबॉल संघांच्या समर्थकांची हाणामारी झाली की आमच्या घरच्या ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. फुटबॉल बंद करा, पोरं वाया चालली, पोलिसांनी जन्मभर पेठांच्या मागंच पळायचं का? इथवर ठीक. लहानपणीही हेच ऐकलंय, फक्त तेव्हा ते मंगळवार पेठेत कट्ट्यावर बसून चालायचं. या वेळी पुण्यात स्थायिक झालेल्या चुलतभावानं त्यात भर घातली: "अमेरिकेत लाख-लाख माणूस मॅचला बसतंय, एक दगड पडत नाही. दादा तिथंच हाय, विचारा त्याला." खाली अंगठ्यांची रांग.

मला न विचारताच साक्षीदार केलं. आणि साक्ष तर अर्धवटच खरी.

लाख माणूस बसतं, हे खरं. (इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा नि फेकायचा, आपल्यासारखा पायानं मारायचा नव्हे.) अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाचं जे मिशिगन स्टेडियम, त्याची क्षमता 1,07,601 आहे, आणि ते 1927 पासून उभं आहे. दगड पडत नाही, हेही खरं. पण 2022 च्या ऑक्टोबरमध्ये याच स्टेडियमच्या बोगद्यात मिशिगन स्टेट या राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाच्या खेळाडूंनी मिशिगनच्या दोन पोरांना घेरून धुतलं. सात खेळाडूंवर गुन्हे दाखल झाले. प्रेक्षकांवर नव्हे, खेळाडूंवर! 2024 मध्ये कोलंबसला जाऊन मिशिगननं ओहायो स्टेटला 13-10 हरवलं आणि मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला गेले, तेव्हा एवढी धक्काबुक्की झाली की पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. दोन्ही विद्यापीठांना एक-एक लाख डॉलर दंड. ईस्ट लॅन्सिंगच्या, म्हणजे मिशिगन स्टेटच्या, पोरांचं तर काय सांगावं, ती जिंकल्याच्या आनंदात सोफे जाळतात. माझी मुलगी तिथंच शिकते, त्यामुळे यावर मी जास्त बोलत नाही.

पण भावाला खरं उत्तर द्यायचं तर 2023 चा हंगाम सांगावा लागेल. पंधरापैकी पंधरा सामने जिंकून मिशिगन राष्ट्रीय विजेता झाला. त्याआधीचं विजेतेपद 1997 चं, तेही नेब्रास्काबरोबर वाटून घेतलेलं. म्हणजे मी इथं आलो तेव्हापासून ऑफिसमधली माणसं ज्या एका गोष्टीची वाट बघत होती, ती मी त्यांच्याबरोबर बघितली.

नोव्हेंबरातला ओहायो स्टेटचा सामना. तिसऱ्या सत्रात झॅक झिंटर नावाच्या धिप्पाड पोराचा पाय मोडला. पायाची दोन्ही हाडं. हा समोरच्यांना अडवून धरणारा गडी, चेंडू याच्या हातात कधी येत नाही, नाव कुणाच्या तोंडी नसतं. गाडीवरून त्याला बाहेर नेलं, अख्खं मैदान गप्प. आणि लगेच पुढच्याच डावात ब्लेक कोरम 22 यार्ड पळत जाऊन टचडाऊन, म्हणजे इथला गोल, करून आला, आणि बोटांनी कॅमेऱ्याला सहा आणि पाच असे आकडे दाखवले. 65 हा झिंटरचा नंबर. माझ्या दिवाणखान्यात त्या क्षणी कोण काय ओरडलं ते लिहिण्यासारखं नाही, पण ते कोल्हापुरीत होतं. सामना 30-24 नं मारला.

त्याच्या दोन आठवडे आधी पेन स्टेट विद्यापीठाशी खेळायला जायचं होतं आणि सामन्याच्या आदल्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉवर तीन सामन्यांची बंदी आली. सहायक शेरोन मूरनं संघ उतरवला. मूरनं काय करावं? शेवटी शेवटी पास टाकायचंच बंद केलं. सलग 32 डाव चेंडू पोटाशी धरून नुसती मुसंडी. समोरच्याला माहीत आहे हा काय करणार, आणि तरी अडवता येत नाही. असला खेळ बघितला की तालमीतलं माणूस जागं होतं. संपल्यावर मूर टीव्हीवर ढसाढसा रडत होता, मध्येच एखादी शिवी, मध्येच हार्बॉचे आभार.

बंदी का आली, तर चोरी. कॉनर स्टॅलियन्स नावाचा एक कनिष्ठ कर्मचारी पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची तिकिटं काढायचा, माणसं पाठवायचा, आणि ती मैदानाच्या कडेला उभ्या प्रशिक्षकांचे खेळाडूंना केलेले इशारे फोनवर टिपून आणायची. मैदानावर उभं राहून समोरच्याचे इशारे ओळखा, त्याला कुणाची ना नाही. पण आधीच जाऊन बघून यायला 1994 पासून बंदी आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या नियामक संस्थेनं मिशिगनला कोट्यवधी डॉलरचा दंड ठोठावला. विजेतेपद मात्र राहिलं.

आता गंमत बघा. बंदीच्या त्या महिन्यात ऑफिसमध्ये ओहायोतल्या टोलेडोहून येणारा एक सहकारी मला रोज टोचायचा, आणि मी, गणिताच्या मास्तरांचा मुलगा, त्याला काय सांगत होतो? सगळेच करतात. पुरावा काय? पोरांनी मैदानात घाम गाळलाय त्याचं काय? आमच्यावर जळतात. पेठेतला कार्यकर्ता पोलीस चौकीत याहून वेगळं काय बोलतो! फरक एवढाच की इथं ते चौकीऐवजी महागड्या वकिलांकरवी बोललं जातं. आणि खरं सांगू? मला ते बोलताना फार बरं वाटलं.

कोल्हापूरच्या वादात दुसरा मुद्दा असतो बाहेरच्या खेळाडूंचा. नायजेरियाचा स्ट्रायकर पेठेच्या संघातून खेळतो, मग पेठेची पोरं काय बाकावर बसणार? रास्त प्रश्न आहे. पण कोरम व्हर्जिनियाचा, झिंटर मॅसॅच्युसेट्सचा, क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, मॅकार्थी इलिनॉयचा. यातल्या कुणाला मिशिगनमध्ये उपरा म्हटल्याचं मी ऐकलं नाही. उलट 2021 पर्यंत या पोरांना स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायची मुभा नव्हती. स्टेडियम भरायचं त्यांच्या जिवावर आणि पैसा मोजायचं विद्यापीठ. आता मिळतात, तर इथली म्हातारी माणसं कुरकुरतात की पूर्वीसारखी निष्ठा राहिली नाही, पोरं दर वर्षी संघ बदलतात. आमच्या काकांनी हे ऐकलं असतं तर ते अ‍ॅन आर्बरलाच राहायला आले असते.

उपरेपणावरून आठवलं. मी मिशिगन विद्यापीठात शिकलेलो नाही. माझं एमएस डेट्रॉइटच्या वेन स्टेटचं, रात्रीच्या वर्गांचं. न शिकता मिशिगनची निळी टोपी घालणाऱ्यांना मिशिगन स्टेटवाले 'वॉलमार्ट वुल्व्हरीन' म्हणतात; वुल्व्हरीन हे मिशिगनच्या संघाचं नाव, आणि टोपी वॉलमार्टच्या दुकानातून आणलेली. माझ्या घरात हे बिरुद मला माझ्या मुलीनं दिलंय, आणि ती मजेत म्हणते. पण शनिवारी क्रोगर या किराणा दुकानात दुधाच्या फ्रिजपाशी एखादा म्हातारा माझी टोपी बघून 'गो ब्लू' ही मिशिगनची घोषणा देतो, तेव्हा तो पदवी विचारत नाही. मूळ गाव कुठलं, हेही विचारत नाही. इथल्या इतक्या वर्षांत हा प्रश्न टळण्याच्या जागा मला फार सापडल्या नाहीत.

आणि पेठेत? मागच्या खेपेला पाटाकडील तालमीचा सामना बघायला गेलो. मैदानातल्या एकाही पोराचं नाव मला माहीत नव्हतं. शेजारच्या पोराला विचारत बसलो, त्यानं दोन-चारदा नीट सांगितलं, मग म्हणाला, "काका, तुम्ही मुंबईचं काय?" हो म्हणालो. अमेरिका सांगितली असती तर पुढचा सामना बुडाला असता.

तेव्हा भावाला माझं म्हणणं एवढंच. इथं दगड पडत नाहीत याचं कारण माणसं शहाणी आहेत असं नाही. नंबरची जागा असते, आत मोठी पिशवी न्यायची तर ती पारदर्शकच लागते, आणि गोंधळ घातला तर वर्षभराची तिकिटं जाऊ शकतात. ती तिकिटं काही घरांत बापाकडून मुलाकडं आलेली असतात, म्हणून माणूस जपून वागतो. यासाठी पैसा लागतो, पण सगळंच पैशाचं नाही. दोन तालमींच्या समर्थकांना वेगळे दरवाजे द्यायला, जाताना अर्ध्या तासाच्या अंतरानं सोडायला काय खर्च येतो? यावर ग्रुपवर कुणी बोलत नाही. बंद करा म्हणायला सोपं पडतं, विशेषतः पुण्यातून. डेट्रॉइटहून 'चालू ठेवा' म्हणायलाही तितकंच सोपं पडतं, हे भाऊ लगेच लिहील. लिहू दे.

पण पुढच्या वेळी अमेरिकेचा दाखला द्यायचा असेल, तर आधी मला फोन करावा. शनिवार सोडून.