सरळ रस्ता हरवण्याची रीत

वाचकहो, आपल्या शहरातला एखादा भरभराटीचा रस्ता नाहीसा करावा असे मनात असेल, तर कृपया बुलडोझर मागवण्याची घाई करू नये. त्याचा बोभाटा होतो, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात आणि रस्ता उलट लोकांच्या अधिकच लक्षात राहतो. त्यापेक्षा एकदा जुन्या गोव्यास जावे, मांडवीकाठच्या व्हाइसरॉयच्या कमानीखाली उभे राहून आत पाहावे आणि पोर्तुगीजांच्या एकेकाळच्या राजधानीचा बाजार शोधावा. तो सापडला नाही, की आपण योग्य ठिकाणी आलो असे समजावे. येथेच रुआ दिरेइता होता.

या नावाचा अर्थ ‘सरळ रस्ता’ असा होतो. पोर्तुगीज शहरांत या नावाचा एक रस्ता बहुधा असतोच आणि तो पुष्कळदा वाकडाही असतो; परंतु नामकरणाच्या बाबतीत कोणत्या नगरपालिकेने कोणाला हसावे?

पहिली सूचना अशी की, रस्ता आधी इतका श्रीमंत करावा की गटारांचा विषय काढणे असभ्यपणाचे वाटेल. 1583 ते 1588 या काळात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच गृहस्थाने लिहून ठेवले आहे, की रविवार आणि सणवार वगळता येथे रोज सकाळी सात ते नऊ लिलाव चाले. अरबी घोडे, मसाले, जडजवाहीर आणि गुलाम म्हणून आणलेली माणसे, सारे एकाच रस्त्यावर बोलीला लागे. कोणी मेला की त्याची चीजवस्तूही येथेच येई आणि शेवटच्या दिडकीपर्यंत विकली जाई. मग तो मृत प्रत्यक्ष व्हाइसरॉय का असेना. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हण त्या काळी रूढ होती. अशी एखादी म्हण आपल्याही शहरास मिळाली, तर अर्धे काम झाले म्हणून समजावे.

पुढचे अर्धे काम विहिरी करतात. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत घाण मुरत राहते आणि तीच पाण्यातून घराघरांत परत येते. 1543 पासून साथींमागून साथी येत गेल्या. अशा वेळी जबाबदार प्रशासनाने मिरवणुका काढाव्यात, नवस बोलावेत, हवा बिघडली आहे असे जाहीर करावे आणि आडाचे पाणी तपासू पाहणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

एवढ्यानेही माणसे हटत नसतील, तर राजधानी हलवण्याची योजना आखावी. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने शेजारचे जुवे बेट घेतले, तेव्हा व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या हाती सोपवला. त्यानंतर त्याने राजधानी मुरगावास नेण्याचा घाट घातला. योजना पुरी झाली नाही. पण राजधानी हलणार हे एकदा सर्वांना कळले, की दुकानाचे छप्पर शाकारण्याचा उत्साह कोणाला राहतो? 1695 मध्ये व्हाइसरॉय स्वतः जवळच्याच पणेली गावी राहायला गेले, 1759 मध्ये पणजीला गेले आणि 1843 मध्ये पणजीच राजधानी असल्याचा हुकूमही निघाला. निघून जायचे आधी आणि कागद करायचा चौऱ्याऐंशी वर्षांनी, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 1775 पर्यंत गावात जेमतेम सोळाशे माणसे उरली होती असे सांगतात.

काय जपावे, याबाबत मात्र काटेकोर असावे. 1986 मध्ये येथील वास्तूंना जागतिक वारशाचा मान मिळाला, तो ‘गोव्याची चर्चे आणि मठ’ या नावाने. सराफ, जवाहिरे, दलाल, पालखीचे भोई आणि विकली गेलेली माणसे यांनी वेळीच एखादा मठ बांधला असता, तर त्यांचाही विचार झाला असता.

आता राहता राहिले दगड. ओसाड पडलेल्या घरांचा चिरा इकडेतिकडे पडू देणे हा अपव्यय होय. तो पणजीच्या नव्या इमारतींसाठी नेण्यात आला. मेलेल्याची चीजवस्तू शेवटच्या दिडकीपर्यंत विकण्याचा या रस्त्याचा शिरस्ता त्याच्या स्वतःच्या बाबतीतही असा पाळला गेला. फरक इतकाच, की या वेळी कोणी बोली लावली नाही आणि वेळही सात ते नऊ अशी ठरलेली नव्हती.