४८/१६चा हट्ट कशासाठी?

सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला अधूनमधून फिरत असतो. फिक्सी (एकच गिअर, चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणारच) किंवा सिंगल-स्पीड (एकच गिअर, पण पाय थांबवता येतात) घ्यायची तर पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्याला १६ दाते, रेशो बरोब्बर ३, डोळे झाकून लावा. वेग जास्त मिळतो, पाय दणकट होतात, उतारावर पेडल भिरभिरत नाहीत, ट्रॅकवरचे दिग्गजही मोठेच गिअर (म्हणजे मोठे रेशो) लावतात, असं त्यात असतं.

आधी वेगाचं बघू. ७००×२५ मापाचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं, म्हणजे ४८/१६वर पेडलच्या एका फेऱ्यात ६.३ मीटर. ताशी ३५ किमीला पेडलचे मिनिटाला ९२ फेरे पडतात, झकास. पण सपाटीवर, एकट्याने, ३५चा वेग तासभर टिकवणारे आपल्यात कितीजण आहेत? शहरात आपण २५ने जातो, तेही सिग्नल लागेपर्यंत. २५ला ४८/१६वर फेरे उरतात ६६. त्याहून हलक्या ४२/१७वर तेच ८० होतात. शिवाय दर सिग्नलला शून्यातून उठायचं असतं, आणि तिथे मोठा गिअर अंगावर येतो. वेग येतो तो पायांतल्या ताकदीतून. दाते फक्त ती कशी खर्च करायची ते ठरवतात.

ट्रॅकचा दाखला तर उलटाच पडतो. तासाभरात जास्तीत जास्त अंतराच्या विक्रमासाठी बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत ४९.४३१ किमी कापले, गिअर ५२/१४. ब्रॅडली विगिन्सने २०१५ला ५४.५२६ किमी, ५८/१४वर. भागाकार करून बघा: दोघांचेही मिनिटाला १०४-१०५ फेरे. फिलिप्पो गान्नाने २०२२ला ६५/१४ असा अवाढव्य गिअर लावला, तरी फेरे ९७च्या आसपास राहिले. म्हणजे ही मंडळी आधी वेग आणि पायांची लय ठरवतात, दाते त्यावरून निघतात. आपण त्यांचे दाते उचलतो आणि लय सोडून देतो. त्यात वेलोड्रोमवर (सायकल-शर्यतींच्या ट्रॅकवर) चढ नाही, सिग्नल नाही, आणि आडवी येणारी रिक्षाही नाही.

‘पाय दणकट होतात’ याबद्दल एवढंच, की पुण्यात चांदणी चौकाच्या चढावर ४२/१७ला ४८/१६पेक्षा पेडलवर सुमारे १८ टक्के कमी जोर लागतो. तो जास्तीचा जोर रोज ऑफिसला जाताना गुडघ्यांकडून वसूल करायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. व्यायामच हवा तर रविवारी सिंहगडाचा रस्ता आहे.

उतारावरच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. ताशी ४५ला फिक्सीवर ४२/१७चे पाय १४४ फेरे फिरतात, ४८/१६चे ११९. पण ११९ म्हणजेही निवांत नव्हे, आणि पायांनी सायकल आवरायची असेल तर लहान गिअरवरच पकड चांगली बसते. उताराचं खरं उत्तर पुढचा ब्रेक. तो न लावता फिक्सी रस्त्यावर काढणाऱ्याशी रेशोची चर्चा करण्यात अर्थ नाही. साध्या सिंगल-स्पीडला तर हा प्रश्नच नाही. मागे फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारं चक्र) आहे, पाय थांबवा.

आणि ‘बरोब्बर ३’ हे ज्याचं कौतुक, तीच फिक्सीवाल्याची अडचण. स्किड मारताना, म्हणजे पायांनी मागचं चाक अडवून घसरवताना, पेडल दर वेळी त्याच स्थितीत अडवलं जातं. पेडलच्या एका फेऱ्यात चाक नेमके तीन फेरे घेत असेल, तर टायरचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा घासतो आणि बाकी टायर नवा असताना एका जागी धागे दिसू लागतात. ४६/१६वर ही घासण आठ जागी वाटली जाते (२३/८ असा संक्षेप होतो, त्यातला छेद मोजा), ४२/१७वर सतरा जागी.

मुंबईत मरीन ड्राइव्हसारख्या सपाटीवर जाणाऱ्याने ४४/१६पासून सुरुवात करावी, पण पावसाळ्यात समुद्रावरचा वारा समोरून आला की तोही जड वाटेल. पुण्यात ४२/१७ किंवा ४४/१८. नाही जमलं तर आधी मागचा कॉग (दात्यांचं चक्र) बदला: मागे एक दाता म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास फरक, पुढे एक म्हणजे जेमतेम दोन. चेनरिंगपेक्षा (पुढच्या चक्रापेक्षा) कॉग स्वस्तही पडतो. फ्लिप-फ्लॉप हब (मागच्या चाकाचा दोन्ही बाजूंना दाते बसवता येणारा मधला भाग) असेल तर एका बाजूला १६चा फिक्स्ड कॉग, दुसऱ्या बाजूला १८ची फ्रीव्हील ठेवा; घाट असेल त्या दिवशी चाक उलटं बसवायचं, चेन ताणून नट आवळायचे. ४८/१६ तरीही लावायचाच असेल तर तुमच्या नेहमीच्या रस्त्यातला सर्वांत वाईट चढ आधी त्यावर, दप्तर पाठीवर घेऊन, चढून बघा.