३९ गुणांचं करायचं काय?

सर्वप्रथम अभिनंदन. १०० पैकी ३९ पडणं हे येरागबाळ्याचं काम नाही. ४० कुणालाही पडतात. १२ पडायला नुसतं झोपून राहिलं तरी पुरतं. पण पासिंगच्या उंबऱ्यावर नाक आपटून नापास व्हायचं तर तीन तास खाली मान घालून लिहावं लागतं, आणि तपासणाऱ्यालाही थोडा जीव लावावा लागतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, हा मान मला मिळालेला आहे. तेव्हा चार शब्द हक्काने सांगतो.

पेपर चुकीचा होता असं घरी चुकूनही म्हणू नका. माझ्या वेळी लाप्लासच्या गणितात, प्रश्न तीनचा ब, मायनसच्या जागी प्लस छापलं होतं. सव्वा तासाने शिपाई चिठ्ठी घेऊन आला. सुपरवायझर बाईंनी ती आधी मनात वाचली, मग मोठ्याने वाचली, आणि "सगळ्यांनी ऐकलं ना?" असं विचारून स्वेटर विणायला घेतला. तोवर मी प्लस धरून अडीच पानं भरली होती. (ती पानं खोडू नका. प्लस-मायनस कुणी बघत नाही, पानं दिसतात.) हे सगळं खरं असलं तरी घरी सांगायचं एवढंच, "मीच कमी पडलो." बाबांना बरं वाटतं. आत्याला फोनवर सांगायला हे सोपं जातं, आणि आत्यालाही "आमचा ऑल क्लिअर हो" म्हणायला जागा मिळते.

मग उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. पैसे भरा, पावती जपून ठेवा. माझी आली तेव्हा एका पानावर ना बरोबरची खूण ना चुकीची, आणि शेवटच्या पानावर पेन चालतंय का बघायला मारावी तशी एक रेघ. आतल्या पानांवर १२, ८, ११ आणि ९. मुखपृष्ठावर एकूण ३९. मी बेरीज तीनदा केली, मग आईकडून करून घेतली. ४०च येत होते. पण विद्यापीठाच्या जागी बसून विचार करा, एम-थ्रीत नापास झालेल्या मुलाच्या बेरजेवर त्यांनी का म्हणून विश्वास ठेवावा? त्यासाठी रिव्हॅल्युएशनचा वेगळा अर्ज असतो. आणि वेगळी फी.

माझं विद्यापीठ कोणतं ते विचारू नका, अजून एक ट्रान्सक्रिप्ट काढायचं राहिलंय.

टर्मवर्कबद्दल, म्हणजे सत्रभर केलेल्या कामाच्या गुणांबद्दल, मात्र तक्रार नाही. ड्रॉइंगच्या शीट आम्ही सगळ्यांनी जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारून काढल्या. खाली ट्यूबलाइट, दोन बाजूंना पुस्तकांचे गठ्ठे, वर खिडकीची काच, काचेवर हुशार मुलाची शीट आणि तिच्यावर आपली. रात्री तीनला काच इतकी तापायची की कागद कुरकुरीत व्हायचा. त्या नकलेला २५ पैकी २३ मिळाले. स्वतः सोडवलेल्याला किती ते वर सांगितलंच आहे. यातून काय शिकायचं ते तुम्ही शिकालच, हुशार आहात.

फारच चिडचिड झाली तर मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवा. १८५७ पासूनचा अनुभव गाठीशी. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. निकालासाठी राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती टळली, पुढच्याही टळल्या. लॉची, कॉमर्सची मुलं ॲडमिशनच्या रांगेत निकालाविना उभी. ऑक्टोबरात कुलगुरूंनाच पदावरून काढण्यात आलं. इतक्या वर्षांत परीक्षेमुळे वरचा कुणी नापास झालेला मी तरी एवढाच पाहिला. तुम्हाला निदान एटीकेटी आहे, म्हणजे पुढच्या वर्गात बसून मागच्या वर्गाचं रडता येतं.

राहिली केटीची परीक्षा. रिव्हॅल्युएशनचा निकाल तिच्या आधी लागेल या भ्रमात राहू नका; फॉर्म भरा, पुन्हा पैसे भरा, हॉल तिकिटावरचा स्वतःचा फोटो ओळखा आणि जाऊन बसा. मी बसलो. पेपर उघडला तर प्रश्न तीनचा ब तोच, आणि प्लसही तिथेच. मी आता अनुभवी. चिठ्ठीची वाट न बघता मायनस धरून झकास सोडवला.

या वेळी चिठ्ठी आलीच नाही.