धुरा चकाचक कसा ठेवावा : काही फुकट सल्ले

शेतकरी हुशार आहे की नाही हे पीक बघून नाही, धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध बघून ठरतं. धुऱ्यावर हिरवं पातं दिसलं की समजावं, मालक आळशी. मागच्या आठवड्यात आमच्या शेजाऱ्यांनी धुऱ्यावर तणनाशक मारलं, आणि ते किती कष्टाळू आहेत ते अख्ख्या शिवाराने पाहिलं. त्यांचा धुरा आता जळून पिवळाधम्मक पडलाय आणि माझ्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं भेंडीच्या पानांसारखी झालीत. तुम्हालाही अशी प्रगती साधायची असेल, तर पुढे वाचा.

आधी फवारणीचा मुहूर्त. वारा आपल्या वावरातून शेजाऱ्याच्या वावराकडे वाहत असेल, तीच वेळ साधायची. एकाच टाकीत टू-फोर-डी आणि ग्लायफोसेट ही तणनाशकं, दोन्ही अंदाजाने, कारण मापाचं झाकण कधीच हरवलेलं असतं. ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण चालकांनीच (पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच) मारावं, असं केंद्र सरकारने 2022 मध्ये अधिसूचना काढून ठरवलंय. हे कृषी केंद्राच्या काउंटरवर एकदा बोलून बघा, सगळे पोटभर हसतील. नोझल कोणतंही चालतं. फवारा जितका बारीक, तितका लांब जातो. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणावर चालतं आणि कपाशीचं पान रुंदच असतं, पण एवढ्या खोलात शिरायचं नाही. चार दिवसांनी शेजाऱ्याच्या पऱ्हाटीचे शेंडे वाकतात, नवं पान पसरायचं सोडून बोटांसारखं लांबुळकं निघतं, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात, पात्या म्हणजे कळ्या गळतात. तो तक्रार घेऊन आला की शांतपणे म्हणायचं, ‘व्हायरस असंल भाऊ.’ पंप न धुता तोच दुसऱ्या दिवशी आपल्याच कपाशीवर कीटकनाशकासाठी वापरायचा. मग तुमच्याही घरी व्हायरस येईल. विम्यात हे बसत नाही. पंचनाम्यालाही कुणी येत नाही, आणि का येत नाही ते तुम्हाला मी सांगायला नको.

धुऱ्यावरची बोर, बाभूळ जेसीबी लावून उपटून टाका. सावली पडते म्हणे. त्यानंतर कृषी विभागाच्या पत्रकात लिहिलंय तसे वावरात पक्षीथांबे उभे करा, म्हणजे काठीला आडवी काठी बांधायची. बाभळीवर बसून अळ्या टिपणारा कोतवाल पक्षी येऊन आता त्या काठीवर बसेल, अशी शासनाची अपेक्षा आहे.

गांडुळं मेली? गांडूळखताच्या पिशव्या विकत मिळतात.

तरोटा, कुर्डू, केना, चिवळ ही सगळी घाण आहे. निंदणाला येणाऱ्या बाया घरी जाताना त्यातलं ओटीभर खुडून न्यायच्या, संध्याकाळची भाजी व्हायची. आता ते सगळं जाळून टाकायचं आणि ऑगस्टमध्ये तालुक्याला रानभाजी महोत्सवात जाऊन तरोट्याची जुडी पैसे देऊन आणायची. फोटो काढायला विसरू नका.

कांद्याचं बी काढायचं असेल, तर गोंडे फुलात असताना नेमकी भर सकाळी कीटकनाशकाची फवारणी घ्या. मधमाश्या दिसेनाशा झाल्या, की त्यांना बोलवायला गुळाचं पाणी फवारा. नाहीच आल्या तर मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणा. जी माशी धुऱ्यावरच्या फुलांवर फुकट जगायची, तिला आता भाडं देऊन आणायचं. याला म्हणतात आधुनिक शेती.

ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, 2002 च्या जैवविविधता कायद्याखालची. बघायला मागा. कपाटाची किल्ली सापडली, तर धुऱ्यावर काय काय होतं ते त्यात वाचायला मिळेल.

बियाण्याची परंपराही पुढे चालवायला हवी. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेली कपाशी. तिच्या बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या थैलीसोबत 120 ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची, आठवते का? ती कडेने पेरायची होती. सगळ्याच अळ्या बीटी खाऊन त्याला सरावू नयेत, काहींना साधं झाड मिळावं, एवढंच त्यामागचं डोकं. ती पुडी आपण उकिरड्यावर फेकली. बोंडअळी सरावली. 2017 ला गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त माणसं मेली. शेतकरी होते, रोजाने फवारणारे मजूर होते. हातमोजे नाहीत, मास्क नाही, डोक्याच्या वर वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून दिवसभर फवारत होते. त्यानंतर आपण काय शिकलो? आणखी जहाल औषध आलंय का, हे दुकानात विचारायला शिकलो. आणि दुकानदार ‘नवीन आलंय’ म्हणाला की पाकिटावरचं एक अक्षर न वाचता घरी आणायला शिकलो. कुणाचा जीव गेला तर त्यालाच म्हणतो, ‘काळजी घेतली नसंल.’

आता सल्ले पुरे. सरळ बोलतो.

निंदणाला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, हे मला सांगू नका. मलाही मिळत नाहीत. वावरात एखाद्याने नाइलाजाने तणनाशक मारलं तर मी बोलणार नाही. पण धुऱ्यावर कोणतं पीक आहे तुमचं? तिथं कशाला हवी निंदणी? दरवर्षी नांगराने कोरून कोरून धुरा हातभर राहिला, तेव्हा गप्प बसलो. आता त्या हातभर पट्टीवरही काही जगू द्यायचं नाही? तिथलं गवत तुमच्या घासातलं काय खात होतं? लावे, तितर तिथं अंडी घालायचे. कपाशीतल्या अळ्या-मावा खाणारे किडे तिथंच वाढायचे. तुमच्या फवारणीचे दोन पैसे त्यांनी वाचवले असते, पण ते दुकानात विकत मिळत नाहीत म्हणून तुमच्या हिशेबात नाहीत. आणि शहरातल्यांनी यात फार माना हलवू नयेत. वांग्याला एक छिद्र दिसलं की ते बाजूला सारून चकचकीत वांगं उचलणारे तुम्हीच.

आणि शेजारी, आता तुम्हाला. आपला धुरा सामायिक आहे. मारायचं असेल तर आधी घरी येऊन सांगा. पंप वेगळा ठेवा, जमत नसेल तर निदान धुवा, आणि ते पाणी नाल्यात ओतू नका, खाली जनावरं पितात. झालेलं नुकसान भरून द्यायची दानत नसेल तर नका देऊ. पण ‘वारा अचानक फिरला’ असं पुन्हा तोंडावर सांगू नका. सकाळपासून वारा एकाच दिशेने होता आणि फवारताना तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे होता.